आत्यानं सांगायचं नाव

अनसूयाला हसताना फारसं कुणी पाहिलंच नव्हतं, कारण ती हसायची पदराआड. बोलायचीही पदराआडच. नवं माणूस म्हणायचं, काय मर्यादशील बाई आहे! मर्यादा कसली डोंबलाची? तिच्या तोंडाला वास येत होता, आणि ते तिला ठाऊक होतं. एक-दोन नव्हे, अठरा वर्षं. मुकुंदवाडीच्या त्यांच्या गल्लीत बायका पापड लाटायला बसल्या, की ती आपला पोळपाट घेऊन मुकाट्यानं कडेला, दाराशी बसायची.

उपाय म्हणाल तर काय करायचं बाकी ठेवलं होतं? पोटात उष्णता आहे असं कुणी म्हटलं, म्हणून एरंडेल झालं, त्रिफळा झाला. लवंग-वेलदोडा तर पदराच्या गाठीला कायमचाच. हिरड्या ठणकायच्या म्हणून दिवसातून तीनदा जळक्या तंबाखूची मिश्री. आणि कशालाच गुण येईना तेव्हा उपास. सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला. चतुर्थी होतीच. उपासाच्या दुपारी ती जमिनीवर नुसती पडून राहायची आणि डोळे मिटले की कुठंतरी तरंगत जायची. तिथं एक मोठं जोतं होतं, त्यावर खूप बायका दाटीवाटीनं बसलेल्या असत, आणि मधोमध ती. जाग आली की तिला रडू यायचं.

तिचा धाकटा भाऊ केशव वाळूजला कंपनीत होता. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्याच्या घरी पाळणा हलला, मुलगी झाली. भावजय उमा बाळंतपणाला करमाडला माहेरी गेली होती. सहाव्या दिवशी अनसूया हौसेनं शिवलेली कुंची घेऊन तिथं गेली. लेकरू बघितलं ते दारातूनच. पाणी प्यायला म्हणून मागं वळली, तर बाळंतिणीच्या खोलीतून उमाच्या आईचा, आशाबाईंचा आवाज आला. आशाबाई मनानं वाईट नव्हत्या, पण जिभेला हाड नाही.

"कानात नाव आत्यानं सांगायचं, खरं हाय. पर त्या बाईच्या तोंडाचा वास मोठ्या माणसाला सोसंना. कवळं लेकरू हाय! त्यापरीस चतुराबाईला बोलवू, ती बी लांबची आत्याच लागती."

"आई, हळू बोल! आक्कांनी ऐकलं म्हंजी?" उमा म्हणाली. "नाव आक्काच सांगत्याल. त्यांच्याबिगर बारसं व्हायचं नाय."

आक्कांनी ऐकलं होतं. पाणी न पिताच ती बसस्टँडवर आली. वाईट याचं वाटलं, की आशाबाईंचं काही चुकलं असं तिला म्हणताच येईना.

बारसं सव्वा महिन्यानं होतं. अनसूया थेट कर्णपुऱ्याच्या देवीला गेली. "बये, पाच मंगळवार निर्जळी करते. पाण्याचा थेंब घेणार नाही. तेवढ्या एका दिवसापुरतं माझं तोंड साफ कर. एक नाव सांगू दे, बस." नवसाला कमी नको म्हणून बाकीच्या उपासांनाही तिनं पाणी घोटभरावर आणलं. नवरा बद्रीनाथ महापालिकेचा लाइनमन, गल्लोगल्ली व्हॉल्व्ह फिरवून अर्ध्या शहराला पाणी सोडणारा. आणि त्याच्या घरात बायको तहानलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिसऱ्या मंगळवारी भरदुपारी ती पडली होती. जीभ टाळूला चिकटलेली. डोळा लागला आणि ती रस्त्याखाली उतरली, पूर्वी शहराला पाणी आणणाऱ्या जुन्या दगडी नहरीत. वरून माणसांच्या चपला वाजत होत्या. नहर कोरडी ठाक. लांब शेवटाला एक पाळणा हलत होता. ती चालत गेली, चालत गेली, पाळण्याशी वाकली. इवलासा कान दिसला. तिनं तोंड उघडलं, पण नाव येईना. नुसती फुसफुस बाहेर पडली. पाळणा लांब लांब जाऊ लागला.

ती दचकून उठली. फुसफुस चालूच होती. नळाला पाणी येऊ घातलं होतं, आठ दिवसांनी. ती कळशी घेऊन धावली.

"थांब, लावू नको," जेवायला आलेला बद्रीनाथ म्हणाला. "आठ दिस लाइन कोरडी पडली की घाण वास मारती. वाहू दे जरा, आपसूक जातो."

नळ खोकला, कुबट वारं सुटलं, मग तांबडं पाणी, मग हळूहळू नितळ धार. अनसूया कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं तोंडावरचा पदर खाली केला.

"अवं, माझ्या तोंडाचा बी असाच येतो का?"

बद्रीनाथनं कळशी उगाचच विसळायला घेतली.

"आज तरी खरं सांगा."

"येतो," तो म्हणाला. "उपासाच्या दिशी जास्त येतो. तुला लागंल म्हणून बोललो नाय गं."

"अठरा वर्षं लागतच व्हतं की!"

दुसऱ्या दिवशी तो तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. बाई तरुण होत्या. त्यांनी अनसूयाच्या जिभेवरून मागपर्यंत चमचा फिरवला आणि पांढरट थर दाखवला.

"पोटातून वास क्वचितच येतो, मावशी. बहुतेकदा तोंडातूनच येतो. जिभेच्या मागच्या भागावर हा थर साचतो. दातांच्या मुळाशी कीटण आहे, हिरड्यांत पू झालाय. मिश्रीनं ठणका दबला आणि रोग आत वाढत राहिला. दिवसाला पाणी किती पिता?"

अनसूयानं उपास मोजून सांगितले. बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.

"अहो, लाळ तोंड धुऊन काढते. तुम्ही तिलाच आटवलं. वास जावा म्हणून उपास करता आणि उपासानं वास वाढतो!"

त्यांनी दात साफ करून दिले, जीभ रोज घासायला सांगितली, मिश्री सोडायला लावली. आणि पाणी, रोज, मंगळवारीसुद्धा. इथंच घोडं अडलं. नवस मोडला आणि लेकराला काही झालं तर?

चौथ्या मंगळवारी ती देवीच्या तसबिरीपुढं तांब्या घेऊन बसली. "बये, रागवायचंच तर माझ्यावर रागव. लेकराचं नख बी दुखवू नको." आणि तिनं तांब्या तोंडाला लावला. पाणी आत उतरत गेलं, उतरतच गेलं, जणू त्या नहरीतूनच झुळझुळत निघालं. मग तिनं लगोलग करमाडला फोन लावला.

"बरी हाय की," उमा म्हणाली. "दूध पिऊन झोपलीय. काय झालं, आक्का?"

"काय नाय गं," अनसूया म्हणाली, आणि आणखी एक तांब्या प्यायली.

बारशाच्या सकाळी तिनं बद्रीनाथला उठवून त्याच्या नाकापुढं तोंड उघडलं. "खरं सांगायचं!"

त्यानं इमानानं दोनदा हुंगलं. "येतोय."

तिचा चेहरा पडला.

"चहाचा येतोय. मला न देताच पिलीस व्हय?"

करमाडला आशाबाईंचं घर बायकांनी भरलं होतं. पाळणा सजला होता. सगळ्या म्हणाल्या, चला आत्याबाई! अनसूया पाळण्याशी आली, वाकली, आणि अठरा वर्षांची सवय, हात आपोआप पदराकडं गेला. तोंड झाकून ती तशीच अडली. तेवढ्यात रिवाजाप्रमाणं बायका तिच्या पाठीवर तुटून पडल्या. "नाव सांगा, न्हायतर धपाटे खा!" धपाधप बुक्क्या बसल्या, पदर सुटला, तोल गेला आणि तिचे ओठ लेकराच्या कानालाच टेकले. लेकरू रडलं नाही. उलट गाल फिरवून ते तिच्या तोंडाशीच दूध शोधू लागलं.

"कुर्रर्र... रेवती," ती म्हणाली, आणि तोंड भरून हसली. पाठीवर बायका, खांद्यावर बायका, चहूकडून दाटी. तिला त्या जोत्याची आठवण झाली.

आशाबाई मात्र मागं उभ्या होत्या. गर्दीतून वाट काढत त्या पुढं आल्या, अनसूयाजवळ वाकल्या आणि आपला कान तिच्या तोंडाशी नेला.

"मला ऐकू नाय आलं, बाई," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मला बी सांगा."

अनसूयानं त्यांच्या कानात नाव सांगितलं. आशाबाईंनी कान बराच वेळ तिथंच ठेवला.