तलावाकडची कड

रस्त्याच्या तलावाकडच्या कडेला एक भेग होती. सकाळी तिच्यात काडेपेटीतली काडी जेमतेम शिरली. वर्षाराणीने ती तिथेच उभी रोवून ठेवली. दुपारी येऊन पाहिलं तर काडी आडवी पडलेली आणि भेगेत करंगळीचं टोक जात होतं.

नुसती माती वाळली की ती कशीही फाटते, वेडीवाकडी. ही भेग मात्र कडेला धरून, सरळ लांब गेली होती. म्हणजे तिच्या पलीकडचा भराव हळूहळू तलावाकडे निघाला होता. वर्षाराणीने लातूरला बी.एस्सी. केलं होतं आणि कंत्राटदाराच्या प्रयोगशाळेत ती माती-डांबर तपासायची. साइटचे इंजिनिअर दयानंद साहेब नांदेडला गेल्यामुळे आज कंधारजवळचं हे काम तिच्यावर होतं. भेगेचं तिने त्यांना सकाळीच फोनवर सांगितलं होतं. कुठल्या रस्त्याची कड फाटत नाही, असं त्यांनी विचारलं. रोलर सावकाश फिरवा म्हणाले, पण माल थंड होऊ देऊ नका. गरम डांबराची खडी थंड झाली की दबत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. रोलर कडेला नको, असं तिला म्हणायचं होतं. ती म्हणाली, "बघते."

रोलर लहान होता, पुढे-मागे दोन लोखंडी चाकं आणि मध्ये चालकाची सीट. वेशीच्या कमानीखालून टेम्पोवर आणताना सीटमागचा संरक्षक दांडा आडवा केला होता. रोलर उलटला तर माणूस चेंगरू नये म्हणून असलेला हा दांडा कामावर आल्यावर कोणी उभा केलाच नव्हता. वर्षाराणीने तो उभा करवला, बोल्ट आवळून घेतले आणि चालक लिंबाजी पट्टा बांधेपर्यंत ती तिथून हलली नाही.

"म्याडम, मी काय विमानात बसलो का?" लिंबाजी म्हणाला. "उलटाय लागला तर उडी मारतो की."

उडी मारणारा माणूस रोलर पडतो त्याच बाजूला सापडतो, असं तिने हळू आवाजात समजावलं. त्याने पट्टा बांधला. एवढं तिने करून घेतलं होतं. कड तेवढी राहिली होती.

आणि लिंबाजीची बायको कस्तुराबाई. रोलरची पाण्याची नळी तलावातल्या गाळाने तुंबली होती. चाकाला डांबर चिकटू नये म्हणून ती चाकाबरोबर चालत ओल्या फडक्याने ते पुसत होती. रस्त्याच्या आतल्या बाजूला वाफाळता माल पसरलेला, म्हणून ती बाहेरून, भेगेच्या पलीकडून चालायची. वर्षाराणीने तिला आतून चालायला सांगितलं, तेव्हा तिने नुसतं चपलेचं वितळलेलं टोक वर करून दाखवलं.

थांबायला सांगायचं तर नवऱ्याचं नाव ती घेत नसे, आणि इंजिनाच्या आवाजात नुसतं "अवं" पोचत नसे. म्हणून त्या दोघांची जुनी रीत होती. तिने बादली रोलरच्या अंगावर वाजवली की तो थांबायचा.

"ह्यांला घरी बी ऐकू येत न्हाई," ती सकाळी हसून म्हणाली होती. "लोखंडाची बादली बरी, तिचं ऐकतात."

ती बादली दुपारी बुडातून गळायला लागली. कस्तुराबाईने शेजारच्या घरातून रंगाची रिकामी प्लास्टिकची बादली मागून आणली आणि काम पुढे सुरू झालं. वर्षाराणीने ते पाहिलं. पण तिचं सगळं लक्ष भेगेकडे होतं. मालाच्या ढिगात थर्मामीटर खुपसून ती पारा उतरताना बघत होती आणि ही एवढी खेप दाबून होऊ दे, मग सांगते, असं मनाशी म्हणत होती. आधीच्या खेपेलाही ती हेच म्हणाली होती.

रोलर कडेने मागे येऊ लागला. लिंबाजी मान वळवून आतल्या बाजूने मागे बघत होता. कस्तुराबाईच्या टाचेखालची माती सुटली. ती एका गुडघ्यावर आली. तिने बादली रोलरवर आपटली, पुन्हा आपटली. वर्षाराणीला हात हललेला दिसला, प्लास्टिकचा आवाज मात्र आला नाही. रोलर तसाच येत राहिला. वर्षाराणी धावली, पण तिच्या तोंडून शब्द निघेना. बादली सोडून कस्तुराबाई उताराच्या गवतात लोळत गेली.

चाकाखालून पापडासारखी चपटी झालेली बादली पुढे आली, तेव्हा लिंबाजीला दिसली. रोलर थांबला. तो बायकोकडे बघत राहिला. हात स्टिअरिंगवरून निघेना. कस्तुराबाई वर चढून आली, लुगडं झटकलं, कोपराची माती पुसली. भेगेच्या बाहेरची कड बोटभर खाली बसली होती.

वर्षाराणीचा फोन वाजला. दयानंद साहेबांचा. पुढची गाडी निघाली, किती उरलं, ते विचारत होते.

"म्याडम," लिंबाजी घसा साफ करून म्हणाला, "दोन फेऱ्या ऱ्हायल्या. मारून घेतो. माल थंड होऊन राहिला."

कस्तुराबाईने एक घमेलं उचललं, त्यात पाणी ओतलं आणि ती पुन्हा चाकाच्या बाहेरच्या बाजूला जाऊन उभी राहिली. लिंबाजीने समोर बघून स्टिअरिंगवरची पकड घट्ट केली. फोनमध्ये साहेब दुसऱ्यांदा विचारत होते.

वर्षाराणी रोलरच्या पुढे, त्याला दिसेल इतकी लांब जाऊन उभी राहिली. फोन कानालाच होता. ती बोलली ते दोघांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"लिंबाजीभाऊ, इंजिन बंद करा आणि किल्ली माझ्याकडे द्या. साहेब, पुढची गाडी परत फिरवा. हा माल थंड होऊ दे. भराव नवा केल्याशिवाय या कडेवर रोलर चढणार नाही."