चालून बारीक झालेली सून

सासूबाई भेटेल त्याला सांगतात, "आमची सून चालून चालून बारीक झाली." सांगताना माझ्याकडे अशा बघतात, जणू मी त्यांच्याच पोटची. पूर्वी याच बाई पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "तिला ती खुर्ची देऊ नका हं, नवीन आहे." लोक हसायचे, मीही हसायचे आणि आतून जळायचे.

खरं म्हणजे मी चालले-बिलले काही नाही. माहेरी जाते असं सांगून ऑपरेशन करून घेतलं आणि नंतर घरी सांगितलं, रोज चालते म्हणून. जठर कापून अंड्याएवढं ठेवलं आणि खाली आतड्याला जोडलं. नवऱ्याला माहीत होतं. "आईला नको सांगूस, दवंडी पिटेल," तो म्हणाला. आईसमोर त्याची नेहमीच दातखीळ बसते.

मग सासूबाईंनीही पांढरे बूट आणले. गुडघे दुखत असतानाही रोज सकाळी चालायला जाऊ लागल्या. परत आल्या की वजनकाट्यावर उभ्या राहायच्या. "तुझं झालं गं, माझं का होत नाही?"

"होईल, धीर धरा," मी म्हणायचे. वाईट वाटायचं, पण थोडी मजाही यायची.

सर्जननी बजावलं होतं, दीड वर्ष तरी मूल नको आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. मला वर्षाच्या आतच दिवस राहिले. गोळ्यांचा डबा घरी ठेवायची सोय नव्हती. मी कपडे अल्टर करायच्या दुकानात काम करते, तिथे माझ्या मशीनच्या खणात, दोऱ्याच्या बॉबिनांच्या मागे तो असायचा. उलट्या सुरू झाल्या तशी मी घरी बसले आणि डबा दुकानातच राहिला. नवऱ्याला आणायला सांगितलं, तो विसरला. पुन्हा सांगितलं, पुन्हा विसरला. मग मीही नाद सोडला. सगळं पाण्यासकट उलटून पडतंय, तिथे गोळी कुठे टिकणार, अशी मनाची समजूत घातली.

पहिल्या तपासणीला सासूबाई सोबत आल्या, पायात तेच बूट. नर्सनं ग्लासभर ग्लुकोजचं पाणी पुढे केलं. "एका दमात प्या, मग रक्त घ्यायचंय."

ऑपरेशननंतर असलं गोड पाणी मला चालत नाही. सांगायला तोंड उघडलं, तर शेजारून सासूबाई म्हणाल्या, "पी गं. साखरेचं पाणी तर आहे."

मी प्यायले. थोड्याच वेळात दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पोटात पिळवटून आलं आणि मी बाकावरून खाली घसरले.

शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "आधी काही ऑपरेशन झालंय?"

"छे हो," सासूबाईच बोलल्या, "धडधाकट आहे. रोज चालायची."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मला बाळाची एवढी भीती वाटली, की सासूबाईंची वाटेनाशीच झाली. मी सगळं सांगून टाकलं. ऑपरेशन, गोळ्या, मशीनचा खण.

सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले. मला रडू आलं.

"साखरेच्या पाण्यानं बाळाला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण गोळ्या नेमक्या याच दिवसांत हव्या होत्या. बाळाचा मेंदू, कणा, सगळं आत्ताच घडतं. आजपासून सुरू करा. नीट घडलंय का, ते पाचव्या महिन्यात कळेल."

"आणि नसलं तर?"

त्यांनी हातमोजे काढले. "तेव्हा बघू."

बाहेर बाकावर सासूबाई बूट काढून बसल्या होत्या. घोटे सुजले होते. आता तोंडाचा पट्टा सुटणार, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले.

"म्हणजे चालून काही झालंच नव्हतं?"

"नाही."

"आणि मी रोज..." त्यांनी सुजलेला घोटा चोळला. मग म्हणाल्या, "मी त्या खुर्चीचं बोलायचे, म्हणून केलंस?"

नाही म्हणता आलं असतं. "हो," मी म्हणाले.

त्यांनी वाकून बूट घातले, नाड्या बांधल्या. "दुकान कुठल्या बाजूला आहे? चल, आधी डबा घेऊ."

दोघी चालत निघालो. गुडघ्यांमुळे त्या हळू, चक्करेमुळे मी हळू. दुकानात गेल्यावर मी खण उघडला आणि बॉबिना बाजूला सारल्या. डबा होता तिथेच होता. सासूबाईंनी तो हातात घेतला आणि झाकण उघडलं.

काठोकाठ भरलेला होता, उलट्या सुरू व्हायच्या आधीपासूनच.