पेंटरने लपवलेली अक्षरं

मी पेंटर आहे. घराला रंग देणारा नव्हे, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी मी फार बोलत नाही. चाळीस वर्षं पाट्या केल्या आणि धंद्याचा नियम एकच पाळला: रस्त्याच्या पलीकडून, चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही वाचता आलं पाहिजे. जी वाचता येत नाही ती पाटी काय कामाची? जाळायची नुसती.

म्हणून घरात वायफाय आलं तेव्हा मी जे केलं ते माझ्या मते अगदी बरोबर होतं. जो येईल तो पासवर्ड विचारायचा, आणि बायको दर वेळी तो राउटरचा डबा उलटा करून पोटावरची मुंगीएवढी अक्षरं वाचून दाखवायची. मी म्हटलं, पेंटरच्या घरात ही पाळी? घेतला ब्रश आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर पासवर्ड रंगवून टाकला. वीतभर उंचीची निळी अक्षरं, त्यांना पिवळी सावली. खिडकी रस्त्यावर उघडते. लोक थांबून बघायचे. मला वाटायचं, अक्षर बघतायत.

आता लेकीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापायीच झालं. आमची एकुलती एक लेक. डॉक्टर बोलून ठेवतात ते कानाला लावून ऐकायचं आणि रुग्णांचे रिपोर्ट टाइप करायचे, हे तिचं काम. त्यासाठी तीन वर्षं दूरच्या शहरात भाड्याच्या खोलीत एकटी राहिली. एकदा तापाने फणफणली होती, ते आम्हाला कळलं आठवड्यानंतर. यंदा कंपनीने सांगितलं, घरून काम करा. मात्र आधी घरचं नेटवर्क तपासणार. पास झालं तर ये घरी. नापास झालं तर वर्षभर पुन्हा विचारायचं नाही.

सोमवारी तिचा फोन आला. "बाबा, गुरुवारी सकाळी तपासणीच्या बाई येतील. आणि... ते भिंतीवरचं अजून आहे का हो?"

"आहे की! परवाच पिवळ्याचा एक हात मारला."

पलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाबा, रुग्णांची खाजगी माहिती असते ती. कुणाला काय आजार, कुणाचं काय कापलं. असं उघडं नेटवर्क कंपनी एक मिनिट चालवून घेणार नाही. मी यादी पाठवते, कुणा जाणकाराला बोलवा. तुम्हाला नाही जमायचं."

तुम्हाला नाही जमायचं! तीन मजली शिडीवर उभा राहून वाऱ्यात सरळ रेघ ओढणाऱ्या माणसाला! मी फोन ठेवला आणि बायकोला म्हटलं, "अगं, माझा चष्मा आण. जाणकार येतोय."

"कुठेय?" म्हणत ती दाराकडे बघायला लागली. शेवटी चष्मा मीच शोधून आणला.

यादीत पहिलंच लिहिलं होतं की राउटरच्या आतल्या पानावर जा. डब्याच्या पोटावर आकड्यांचा एक पत्ता असतो, तो फोनवर घातला की पान उघडतं. तिथे नाव आणि पासवर्ड मागतात, तेही पोटावरच लिहिलेले. म्हणजे बघा, चोराच्या हातात जामदारखान्याची किल्ली! हा आतला पासवर्ड वायफायच्या पासवर्डापेक्षा वेगळा असतो, हे मला तेव्हा कळलं. तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती अख्खा डबा.

पान उघडलं आणि त्यात एक यादी दिसली: आत्ता कोण कोण जोडलेलं आहे. घरात माणसं दोन, फोन दोन. यादीत सतरा. सतरा! एकाचं तर नावच होतं 'टेलर नवीन फोन'. समोरचा टेलर, माझा तीस वर्षांचा दोस्त. बाकीची नावं वाचून डोळे पांढरे झाले. मी म्हणत होतो लोक अक्षर बघतायत. कसलं काय! माझ्या भिंतीवर अख्खी गल्ली सिनेमे बघत होती.

राग आला, पण कोणावर काढणार? आमंत्रण मीच रंगवलं होतं, सावलीसकट.

मंगळवारी कामाला बसलो. आधी आतला पासवर्ड बदलला. मग वायफायचा. लेकीने लिहिलं होतं, लांब ठेवा, एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, नाव आणि जन्मतारीख नको. मी डोळे मिटले आणि मी रंगवलेल्या पाट्यांमधून चार दुकानं निवडली. चारही केव्हाच बंद पडलेली, चार वेगवेगळ्या रस्त्यांवरची. कुठली ते तुम्हालाही सांगणार नाही, विचारू नका.

बदल साठवला आणि फोनवरचं वायफाय गपकन गेलं. वाटलं, गेलं सगळं, लेकीचं घरी येणं मी माझ्या बोटाने पुसलं. बायको शांतपणे म्हणाली, "अहो, कुलूप बदललंत ना? मग जुन्या किल्लीने कसं उघडेल?" नवा पासवर्ड घातला, लागलं. ही बाई चाळीस वर्षं माझ्या घरात आहे आणि मी स्वतःला हुशार समजतो.

मग सुरक्षेचा प्रकार. त्यात जुना, मधला, नवा असे प्रकार असतात. मी म्हटलं, कंजूषपणा नको, सगळ्यात नवा घ्या. तर बायकोचा म्हातारा फोन जोडेचना. शेवटी नवा आणि मधला दोन्ही चालतील असं एक होतं, ते ठेवलं. बटण दाबलं की पासवर्डाशिवाय जोडता येतं अशी एक सोय होती, ती बंद केली. डब्याची आतली प्रणाली जुनी झाली होती, ती ताजी केली. त्या पाच मिनिटांत डब्याचे सगळे दिवे गेले आणि मी आयुष्यात न केलेले नवस बोललो. दिवे आले. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी एक वेगळं पाहुणे नेटवर्कही काढलं, म्हणजे पाहुणा बैठकीतच राहतो, माजघरात शिरत नाही.

संध्याकाळपर्यंत जिंकलो होतो. आणि तिथेच माती खाल्ली.

काम संपलं की सही करायची, ही हाताची सवय. त्या आनंदात मी पत्र्याचा एक तुकडा घेतला, पांढरा हात दिला, आणि त्यावर नवा पासवर्ड रंगवला. लाल अक्षरं, सोनेरी कड. इतकी सुरेख पाटी दहा वर्षांत झाली नव्हती. डब्याच्या वर खिळा ठोकून टांगली आणि दोन पावलं मागे जाऊन बघत उभा राहिलो.

बायको चहा घेऊन आली. पाटीकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. कप खाली ठेवला.

"अहो, तुम्हाला काही लाज?"

मला अजून कळेना. म्हटलं, "काय झालं? सोनेरी जास्त झालं का?"

"दिवसभर काय केलंत तुम्ही?"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. टर्पेंटाइनची बाटली तिनेच आणून दिली. चाळीस वर्षांत मी माझं अक्षर कधी पुसलं नव्हतं. त्या दिवशी दोन पुसली, आधी पत्रा, मग भिंत. भिंतीवर तर पांढऱ्याचे तीन हात द्यावे लागले. निळा हट्टी रंग, वर यायचा. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण लेक ताप अंगात घेऊन एकटी पडली होती त्यापुढे निळा रंग काय?

बुधवारी सकाळी टेलर हजर. "मास्तर, नेट गेलं. आणि भिंतीवरचं पण पुसलंत? नवीन सांगा की."

"नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सांगणार नाही. लेकीच्या कामाचं आहे. तपासणी होईपर्यंत पाहुण्यांचंही बंद."

"मी परका झालो का आता?" तोंड फिरवून गेला. तीस वर्षांचा दोस्त. दुपारचा चहा मी एकट्याने घेतला आणि तो काही गोड लागला नाही.

गुरुवारी तपासणीच्या बाई आल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या, खांद्याला पिशवी, हातात टॅब. आतलं पान बघितलं, यादी बघितली. जोडलेले फोन दोन. मान हलवली, पण चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मग म्हणाल्या, "काका, मला मुख्य नेटवर्कवरून एक चाचणी घ्यायचीय. पासवर्ड सांगा."

नाही म्हणावं तर नापास करतील. हो म्हणावं तर काल दोस्ताला तोंडावर नाही म्हटलं, ते कशासाठी? बायको दारात उभी, तिच्या हातातलं फडकं पिळून पिळून दोरी झालेलं.

मी म्हटलं, "सांगणार नाही. टॅब द्या, मी घालतो. आणि तुम्ही जरा भिंतीकडे तोंड करा."

"काय?"

"भिंतीकडे. बघू नका."

बाई बघतच राहिल्या. मग वळल्या खऱ्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या, पाठमोऱ्या उभ्या. मी एक एक अक्षर शोधून घातलं. चाचणी झाली. टॅब पिशवीत जायला निघाला तसं मी म्हटलं, "थांबा. ते नेटवर्क विसरा म्हणून असतं ना, ते माझ्यासमोर दाबा."

त्यांनी दाबलं. मग पहिल्यांदा हसल्या. "काका, आजवर किती घरं बघितली मी. मला पाठ करून उभं करणारे तुम्ही पहिलेच. नेटवर्क कुणाकडून बसवून घेतलंत? इथे लिहावं लागतं."

"लिहा, पेंटर," मी म्हटलं.

"कुठली कंपनी?"

"कंपनी नाही, वडील," बायको दारातून म्हणाली, आणि असल्या तोऱ्यात म्हणाली की मला तिच्याकडे बघवेना. छाती एवढी फुगली होती, सदऱ्याचं बटण राहिलं हेच नशीब.

लेक पुढच्या रविवारी आली, दोन बॅगा आणि एक उशी घेऊन. सोमवारी सकाळी मधल्या खोलीत टेबल लावून बसली. मी पासवर्ड तिच्या कानात सांगितला. तिने तो घातला, नेट लागलं, आणि ती म्हणाली, "जमलं की हो तुम्हाला." मी म्हटलं, "न जमायला काय झालं?"

मी तिथेच खुर्ची ओढून बसायला लागलो. तशी ती कानाला लावलेलं काढून म्हणाली, "बाबा, बाहेर बसा. रुग्णाचं आहे, कुणी ऐकायचं नसतं." आणि माझ्याच घरात मला बाहेर काढून तिने दार लावून घेतलं.

मी ओट्यावर येऊन बसलो. समोरून टेलर आला. त्या बुधवारपासून न बोललेला माणूस, पण लेक आल्याचं कळलं तसं राहवलं नसणार. पायरीवर माझ्याशेजारी टेकला.

"आली म्हणे? बोलवा की बाहेर, भेटतो."

"आत्ता नाही. कामावर गेलीय."

"काय मास्तर, मघाशी तर आत दिसली मला खिडकीतून!"

"हो," मी म्हटलं. "घरात आहे आणि कामावर आहे."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खांद्यावर हात ठेवला. आत दारापलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता. आम्ही दोघं तो ऐकत दुपारपर्यंत तिथेच बसलो.