दोन माठ पाणी

शुक्रवारी सकाळी फाउस्ताबाईंच्या अंगणात नेहमीसारखी चूल पेटली होती. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, आणि चुन्याची कळी विरवायचं काम घरातल्या नव्या सुनेचं. एउलालियाच्या लग्नाला पाच महिने झाले होते. नवरा सेवेरो टोमॅटोच्या तोडणीला उत्तरेत गेला होता. तव्यावरच्या भाकरी उतरवून तिने कळी पाण्यात टाकली आणि वाकून पाहिलं. कळी फसफसून उडाली ती थेट तिच्या उजव्या डोळ्यात.

ती माठाकडे धावली. सासूने तिचं मनगट धरलं.

“चुलीपाशी तापली आहेस, पोरी. तापल्या अंगावर गार पाणी घेशील तर दोन्ही डोळे जातील.”

त्यात दुष्टावा नव्हता, हे आधीच सांगते. आमच्या डोंगरात प्रत्येक मुलगी हे लहानपणीच शिकते. इस्त्री केली की हात भिजवायचे नाहीत, तव्यापुढून उठलं की ओल्यात पाय ठेवायचा नाही. सासूच्या शब्दाशिवाय सुनेने उंबरठा ओलांडायचा नाही, हेही त्याच वयात शिकते. मीही शिकले होते, म्हणून मला कुणाला नावं ठेवायचा हक्क नाही.

शेजारच्या बाळंतिणीच्या दुधाचे थेंब डोळ्यात पडले, वर सतापाची पानं ठेवून पट्टी बांधली गेली. एउलालियाने दोनदा दवाखान्याचं नाव काढलं. सेवेरोला विचारल्याशिवाय नाही, असं उत्तर आलं, आणि सेवेरोचा फोन काही लागेना. रविवारी दुखायचं थांबलं तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. सोमवारी पट्टी सोडली, तर बुबुळ सायीसारखं पांढरं झालं होतं.

फाउस्ताबाई तिला घेऊन तालुक्याच्या इस्पितळात गेल्या, तेव्हा तातडीच्या खोलीत गर्दी होती. लोखंडाचा कण गेलेला एक लोहार बसला होता, मिरचीचा हात डोळ्याला लावून घेतलेली एक मुलगी रडत होती. आम्पारो नावाच्या परिचारिकेने एउलालियाला पाहिलं आणि लोहाराला व त्या मुलीला थांबायला सांगितलं. तिने डोळा धुतला, पापणी उलटली आणि कापसाच्या बोळ्याने चुन्याचे कण काढले. तीन दिवस ते तिथेच बसून डोळा जाळत होते.

उजव्या डोळ्याने आता दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. एउलालिया रडली नाही. एका डोळ्याने भरतकामाचा बारीक टाका घालता येतो का, एवढंच तिने विचारलं. लग्नाआधी तिच्या हातच्या फुलांच्या झग्यांना बाजारात नाव होतं.

बाहेर फाउस्ताबाईंनी आम्पारोला गाठलं. “कुठलं औषध घालायला हवं होतं, बाई?”

“पाणी.”

“कसलं पाणी?”

“घरातलं, मावशी. लगेच, अर्धा तास नुसतं ओतत राहायचं.”

“दोन माठ भरलेले होते,” फाउस्ताबाई म्हणाल्या. “त्याच सकाळी तिनेच भरले होते.”

पुढे ऑक्टोबरात त्यांच्या भाचीचं लग्न झालं. आमच्याकडे नवरीला पाटा-वरवंटा देतात. फाउस्ताबाईंनी पाट्याशेजारी पाण्याने भरलेली घागर आणून ठेवली. लग्नात घागर कशाला, म्हणून बायका हसल्या. मग एउलालिया पुढे येऊन सासूशेजारी उभी राहिली आणि हसू थांबलं.

“चुना डोळ्यात गेला तर आधी हे पाणी ओत,” फाउस्ताबाई नवरीला म्हणाल्या. “मग नीट दवाखान्यात जा. कुणाला विचारत बसू नकोस.”

मग त्या नवरीच्या सासूकडे वळल्या.

“आणि विहीणबाई, तुम्ही तिचा हात धरू नका. मी धरला होता.”