ब्लँकची नळी

तिने एस्टर या रसायनाचे चार थेंब नळीत सोडले, नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि सेकंद मोजायला लागली. साठ. एकशेवीस. तीनशे. पाणी होतं तसंच राहिलं. ते पिवळं व्हायला हवं होतं.

हा अकरावा दिवस. चार वर्षं खपून तिने पॉलिमरच्या साखळीत तांबं अडकवून एक पदार्थ घडवला होता, पोटातल्या पाचक एन्झाइमसारखा एस्टर तोडणारा. एस्टर तुटला की पाणी पिवळं होतं, इतकं साधं. गेल्या महिन्यापर्यंत ते मिनिटभरात व्हायचं. आता तांबं बदललं, पॉलिमर नव्याने केलं, आम्लता दहादा तपासली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शुक्रवारी पीएचडीच्या समितीसमोर हेच करून दाखवायचं होतं. मुदतवाढ दोनदा मिळाली होती, तिसरी नव्हती. आई हल्ली फोनवर कामाचं विचारत नसे, नुसतं जेवलीस का म्हणे, आणि तेच तिला जास्त लागे.

मार्गदर्शक सरांनी दारातूनच विचारलं, "आलं?"

"नाही, सर."

"शुक्रवार परवावर आलाय."

ते गेले. भिंतीवर डोकं आपटावं असं तिला वाटलं. तिने नळी सिंकमध्ये उपडी केली.

"माझ्यामागे भांड्यांची काय दशा केलीय गं ही?"

मावशी होत्या. प्रयोगशाळेची भांडी वीस वर्षं त्याच धूत. लेकीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे रजेवर गेल्या होत्या, आणि बदलीच्या माणसाचं काम त्यांना पाहताक्षणी पटलेलं नव्हतं.

"नातू की नात, मावशी?"

"नात. नाक माझ्यावर गेलंय बिचारीचं. तू का अशी वाळलीस, डॉक्टरीणबाई?"

पदवीचा अजून पत्ता नव्हता, तरी मावशी तिला पहिल्यापासून असंच म्हणत. तिने सगळं सांगितलं. मावशींना त्यातलं रसायन कळलं नाही, रडू कळलं.

"माझ्या हातच्या नळीत करून बघ," त्या म्हणाल्या आणि बाह्या सरसावून सिंकपाशी उभ्या राहिल्या.

हसण्यासारखंच होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. दुपारी तिने मावशींनी धुतलेल्या नळीत सगळं पुन्हा मांडलं. चाळिसाव्या सेकंदाला पाणी पिवळं झालं. तिने मावशींना मिठीच मारली.

"बघ. हाताला गुण असतो एकेकाच्या."

"धुता तरी कशाने?" तिने डोळे पुसत, सहज विचारलं.

मावशींनी सिंकखालच्या बादलीमागून एक खोका काढला. जरा ओशाळल्या.

"इथल्या पावडरीने हातांची सालं निघतात. म्हणून घरची आणते, कपड्यांची. तेलाचे डाग अगदी खाऊन टाकते. सरांना सांगू नकोस."

तिने खोका फिरवला. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एन्झाइमयुक्त.

तिने खोका खाली ठेवला. मग मावशींनी धुतलेली दुसरी नळी घेतली आणि तिच्यात नुसतं पाणी आणि एस्टर घातलं. ना पॉलिमर, ना तांबं. तेही पिवळं झालं, तितक्याच वेळात.

पॉलिमर न घातलेली अशी एक नळी तुलनेसाठी प्रत्येक प्रयोगात असायचीच. तिला सगळे ब्लँक म्हणत. चार वर्षांत ती एकदाही पिवळी झाली नव्हती, कारण त्या नळीला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही असा तिचा नेम होता. काळजी म्हणून ती स्वतःच ब्लँकची नळी आम्लाने धुवायची, त्यामुळे पावडर त्या नळीपर्यंत कधी पोचलीच नव्हती.

"शुक्रवारच्या नळ्या मीच धुते," मावशी म्हणाल्या. "तुझं काम झालं समज."

झालंही असतं. ब्लँक नेहमीसारखी कोरी राहिली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. आईला तिने त्याच संध्याकाळी फोन केला असता. ती स्टुलावर बसली. तिला खूप भीती वाटत होती.

मग तिने खण उघडला, कापसात गुंडाळलेली ब्लँकची नळी काढली आणि पुढे केली.

"मावशी, शुक्रवारसाठी हीपण धुवाल?"

मावशींनी ओले हात पुसले आणि नळी दोन्ही हातांत घेतली.

"चार वर्षांत हिच्या जवळपास फिरकू दिलं नव्हतंस," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. "बसला एकदाचा विश्वास?"

"हो," ती म्हणाली. "तुमच्याच पावडरीने धुवा. बाकीच्या नळ्यांसारखी."