अण्णांच्या हातचं वासरू

अण्णांना जाऊन पाच दिवस झाले होते, आणि या पाच दिवसांत ते रोज थोडे थोडे मोठे होत चालले होते. भेटायला येणारा प्रत्येकजण पदरची एखादी गोष्ट घालून जायचा. सकाळी कोणी म्हणे, माझ्या गायीसाठी अण्णा नऊ मैल चालत आले. संध्याकाळपर्यंत त्याचे बारा मैल झालेले असत. एक्क्याण्णव वर्षं जगलेला माणूस, त्यातली ऐंशी वर्षं मातीत राबलेला, तेव्हा गोष्टींना तोटा नव्हता. शिंपी सांगायचा की अण्णांच्या प्रत्येक सदऱ्याची उजवी बाही तो खांद्यापर्यंत उघडणारी शिवायचा, म्हणजे कोणाची गाय अडली की हात घालायला उशीर नको. मग सगळे फिरून त्याच जागी यायचे. अण्णांच्या हातून एकही वासरू गेलं नाही. एकदाही नाही.

धाकटी हे ऐकत पाण्याचे पेले भरायची. धाकटी आपली नावाला, अण्णांची पन्नाशीला टेकलेली लेक. थोरला भाऊ शहरात कचेरीत चिकटला आणि ही अण्णांबरोबर शेतातच राहिली. ते ‘एकदाही नाही’ ऐकलं की ती रिकामे पेले उचलून आत निघून जायची. कारण एकदा गेलं होतं, आणि ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी खुद्द अण्णांचीच गाय अडली.

पाणमोट फुटून बराच वेळ झाला होता. दोन खूर बाहेर आले होते, मध्ये नाकाचं टोक दिसत होतं, सगळं जिथल्या तिथे, आणि तरी वासरू तसूभर पुढे सरकत नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला तर ते लांबच्या गावी गुंतलेले. दोन तास तरी लागतील म्हणाले. गायीचे डोळे पाहून धाकटीला कळलं की गायीजवळ दोन तास नाहीत.

बैठक उठून गोठ्यात आली. आता प्रत्येकाला अण्णांची रीत पाठ होती आणि प्रत्येकाची रीत वेगळी. शिंपी म्हणाला, अण्णा थांबायचे. दुसरा म्हणाला, छे, अण्णा आधी गायीला उभं करायचे. एक तर जन्मात गाय न पाळलेला, तोही तेल ओता म्हणून सांगत होता. शेवटी गावातला पैलवान पुढे झाला. साठीचा गडी, पण दंड अजून शाबूत. त्याने दोन्ही खुरांच्या वर दोर बांधले, एक टोक थोरल्याच्या हातात दिलं, आणि दोघांनी पाय रोवले.

गाय हंबरली नाही, कण्हली. माणसासारखी कण्हली. दोर ताणला गेला, ती आडवी झाली, आणि वासरू होतं तिथेच.

“आणखी एक जण या,” थोरला म्हणाला. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते. बापामागे पाच दिवसांत बापाची गाय मेली असं त्याला कोणाकडून ऐकायचं नव्हतं.

धाकटी गर्दीतून पुढे सरकली. असेच ताणलेले दोर तिने तेहेतीस वर्षांपूर्वी पाहिले होते, दुसऱ्याच्या गोठ्यात. अण्णा ओढत होते आणि ती गरम पाण्याची बादली धरून उभी होती. परतताना ओढ्यावर अण्णा हात धूत राहिले, धूतच राहिले. म्हणाले, “दोन पाय दोन वासरांचे होते गं. मी छातीपर्यंत हात नेलाच नाही. घाई केली.” मग दोर विसरलो म्हणून मागे गेले, ती रस्त्याच्या कडेला थांबली. आल्यावर घरापर्यंत एक शब्द नाही, आणि पुढे उभ्या आयुष्यात नाही. लोक वाखाणायचे तेव्हा अण्णा मूग गिळून खाली बघायचे. इतका भला माणूस, पण ही एक गोष्ट त्याने पचवली, हे तिला फार लागलं होतं. त्यांच्या शेवटच्या आजारपणातही ओठांवर आलेला प्रश्न तिने परत गिळला होता.

“दोर सोडा,” ती म्हणाली.

“अण्णा असते तर त्यांनी ओढलंच असतं,” थोरला म्हणाला.

“अण्णांनी ओढलं होतं, दादा. असंच ओढलं होतं एकदा. वासरू मेलं.”

थोरल्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने अण्णांना मुस्कटात मारली. लोकांसमोर काय बोलतेस, हे शब्द त्याच्या तोंडून निघालेच. पण पैलवानाने काही न विचारता खुरांचे दोर सोडले.

तिने दंडापर्यंत साबण लावला आणि गायीमागे मातीत आडवी झाली. डावा पाय धरून हात वर सरकवला. गुडघा, खांदा, मान, डोकं. ठीक. मग उजवा. गुडघा, खांदा, आणि पुढे भलतीच छाती. तिथून दुसरी मान मागे वळलेली होती. गायीची कळ आली, तिचा हात चेपून बधिर झाला. ती दात खाऊन थांबली. कळ ओसरताच तिने परक्या वासराचा पाय आत लोटला. पहिल्याचा खरा पाय पोटाखाली दुमडलेला होता. त्याचा खूर गर्भपिशवीत रुतू नये म्हणून मुठीत घेऊन तिने तो इंच इंच पुढे आणला. किती कळा गेल्या, तिने मोजल्या नाहीत.

“आता बांधा. आणि ती जोर करील तेव्हाच ओढा.”

पहिलं वासरू सरकन आलं. दुसरं तिने पुन्हा हात घालून सरळ केलं, तेही आलं, पण श्वास घेईना. तिने त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, गोणपाटाने बरगड्या घासल्या, नाकात गवताची काडी घातली. लोक हळूहळू नजर चुकवू लागले. मग वासराला शिंक आली.

सगळे बाहेर गेले तरी पैलवान दोर गुंडाळत रेंगाळला.

“मघाशी सांगितलंस ना, ती गाय आमची होती,” तो म्हणाला.

“माहीत आहे मला. म्हणून तर तुमचं नाव घेतलं नाही.”

“अण्णा त्याच दिवशी परत आले होते. माझ्या बापाला म्हणाले, चूक माझी आहे, मी चार लोकांत सांगतो. बापाने त्यांना शपथ घातली. म्हणाला, सांगाल तर लोक तुम्हाला बोलवायला भितील, मग आमच्या गायी सोडवायच्या कोणी? घरात आम्हालाही ताकीद होती, वासरू आधीच मेलेलं होतं असं सांगायचं.” तो थांबला. “मला वाटलं, तुला तरी ते बोलले असतील, ताई.”

तेहेतीस वर्षं तिने बापाला मनातल्या मनात माफ करत आणलं होतं, आणि त्यात माफ करण्यासारखं काही नव्हतंच. आणि हे ज्यांना सांगायचं, त्यांना जाऊन पाच दिवस झाले होते.