उखाचं दुसरं घर

माझ्याआधी मायची चार मुलं गेली. पाचव्या खेपेला मी झालो, तेव्हा आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिनं मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या उषाबाईनं मला टाकलेलं पोर म्हणून उचललं आणि मायनं मापभर बाजरी देऊन तिच्याकडून विकत घेतलं. अशा पोराला यमही शिवत नाही, अशी समजूत. म्हणून माझं नाव उखा, उकिरड्यावरचा. लग्नपत्रिकेत ते छापताना तेवढी लाज वाटली, एरवी काही त्रास नाही.

उषाबाईला मूल नव्हतं. माय ही गोष्ट रंगवून सांगायची. "उषी रडे, तुले सोडेच ना." ऐकताना मी फुगायचो. दोन बायका माझ्यासाठी भांडल्या, म्हणजे आपण कोणीतरी आहोत!

पुढे उषाबाईचा नवरा बाबुराव सुरतेत मास्तर झाला. त्यांनी पुतण्याला, गोपालला, दत्तक घेतलं. तो माझ्याहून वर्षानं लहान. सतराव्या वर्षी मीही सुरतेला आलो, डिंडोलीत खोली घेतली आणि कापडाच्या कारखान्यात लूमवर लागलो. रविवारी सुटी असली की भेस्तानला त्यांच्याकडे जायचो. गोपालचं टेबल, गोपालचा चष्मा, गोपालचं वळणदार अक्षर बघायचो आणि मनात म्हणायचो, हे माझं होतं. मायनं त्या दिवशी जरा ढील दिली असती तर हे सगळं माझं होतं. तो बँकेत साहेब झाला. मी लूमच्या खडखडाटात कान घालवून बसलो. अर्धा जन्म मी त्या घरात काढला, मनातल्या मनात. जेवताना माझी तंद्री लागली की बायको, जयश्री, म्हणायची, "तठेच जेवी या ना मंग!"

आठ वर्षांपूर्वी आमचा अक्षय बारावीत नापास झाला आणि माझ्याच कारखान्यात यायला निघाला. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. माय दारात बसून साडीवर टिकल्या चिकटवत होती. मला उषाबाईकडून परत का आणलंस, म्हणून मी तिच्या अंगावर ओरडलो, "कसाले लई उनी माले परत? तठेच ऱ्हाऊ देती!"

तिनं मान वर केली नाही. "मनं चुकनं," एवढंच कबूल केलं.

मला जिंकल्यासारखं वाटलं. नंतर मी तिच्याशी कामापुरतंच बोलत गेलो. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हाही अढी तशीच होती. खोटं कशाला सांगू?

गेल्या रविवारी गोपालचा फोन आला. "आई तुझंच नाव घेतेय. तबियत बराबर नाही तिची. येऊन जा."

गेलो. उषाबाई कॉटवर मुटकुळं करून पडली होती. तिनं गोपालला बाहेर पाठवलं आणि मला जवळ बसवलं. मी माझा त्यातल्या त्यात बरा कान तिच्या तोंडाशी नेला.

"उखा, बाजरी काही कोनी दिनी नही," ती म्हणाली. "तुन्ही मायनी तुले परत मांगंच नही. मना हातमा पोरे टिकत नहीत, तुनाच घर जगी हाऊ, आसं म्हने ती. मना पाय धरात तिनी."

"मंग?"

"आठ दिन तू मना घर व्हता. दूधले तोंड लाये ना. माले वाटनं, हाऊ काही जगाव नही. मना घर मरना तं लोके काय म्हनतीन? मंग मीच तुले तिना वट्टावर ठेई उनू." दाराकडे बघत ती म्हणाली, "गोपाल गुटगुटीत व्हता."

इतकी वर्षं मी नशिबाला बोल लावत होतो. त्यातही एक सुख होतं. पण इथं नशीब नव्हतंच. मी जगावं म्हणून मायनं मला देऊनच टाकलं होतं. एका बाईनं मला आठ दिवस नीट निरखलं होतं आणि नको म्हणून मायच्या ओट्यावर परत ठेवलं होतं. आणि ते मला कळू नये म्हणून मायनं ती बाजरी, ते रडणं, सगळं रचलं होतं. मी ओरडलो तेव्हा ती एका वाक्यात सुटली असती. उषीलाच तू नको होतास, एवढं म्हणायचा अवकाश होता. ती टिकल्या चिकटवत राहिली.

"राग उना का रे?" उषाबाईनं विचारलं.

"नही काकी."

"एकदाव माय म्हन माले."

म्हटलं. त्या घरात हे म्हणायला मिळावं म्हणून मी तरुणपणी झुरलो होतो. आता शब्द सहज निघाला आणि मला काहीच वाटलं नाही. तिनं समाधानानं डोळे मिटले.

बाहेर गोपाल चहा घेऊन उभा होता. "काय म्हणाली?"

"काही नाही. मायची आठवण काढत होती."

एवढं बोललो आणि त्याच्या सोफ्यावर बसून मला रडू फुटलं, माय गेली तेव्हाही आलं नव्हतं असं. गोपालला वाटलं, मी त्याच्या आईसाठी रडतोय. तो बिचारा माझ्या पाठीवर हात फिरवत राहिला.